तबकडीची मागील बाजू : मुंबईतील एक ध्वनिमुद्रण

पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकडीची मागील बाजू पाश्चात्त्य व्यवसायात दुय्यम समजली जाई. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या काळात हा भेद इतका तीव्र नव्हता; नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात बालपण गेलेल्या द. वि. पलुसकरांची तबकडी उलटून ऐकणाऱ्या रसिकास दुसरी बाजू कनिष्ठ वाटण्याचे कारण नव्हते.

या दृष्टीने ‘बीटल्स’ या इंग्रज चमूची १५ मार्च १९६८ रोजी निघालेली तबकडी विचारात घेण्याजोगी आहे. तिच्या पुढील बाजूस ‘लेडी मॅडोना’ हे गीत असून मागे जॉर्ज हॅरिसनचे ‘दि इनर लाइट’ आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईस आला. फोर्टमधील एच. एम. व्ही.चे ध्वनिमुद्रणगृह त्यास मिळाले, यात नवल नाही. भारतातील ती कंपनी आणि बीटल्सच्या तबकड्या काढणारी लंडनची कंपनी या दोन्ही ई. एम. आय. या एकाच उद्योगाच्या शाखा होत्या. त्याच बैठकींत या गीताचा वाद्यभाग मुद्रित झाला. सरोदवर आशिष खाँ व बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. शब्दांचा आधार ताओ-ते-चिंगच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाचा असून तो केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक ह्वान मास्कारो यांनी सुचविला होता. फेब्रुवारीत लंडन येथे हॅरिसनचा कंठस्वर त्यावर चढविण्यात आला. अखेरीस लेनन व मॅकार्टनी यांनी सूर मिळविला.

म्हणजे चौघांपैकी एकानेही वाद्यास हात लावला नाही. तथापि तबकडीच्या लेबलावर कलावंत म्हणून ‘बीटल्स’ एवढेच नाव आहे. केवळ लेबलांवरून सूची तयार करणारा संशोधक येथे हमखास फसेल, आणि मुंबईच्या वादकांचा वाटा इतिहासातून गळेल. हा दोष हॅरिसनच्या अनास्थेचा म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या दीर्घ तबकडीच्या वेष्टनावर एस. आर. केंकरे, शिवकुमार शर्मा, विनायक व्होरा आदी वादकांची नावे छापली आहेत. नाव गाळले ते लहान तबकडीच्या व्यापारी संकेताने.

ब्रिटनमध्ये हे गीत दीर्घ तबकडीवर आले ते १९७८ च्या ‘रॅरिटीज’ या संग्रहात. पुढे २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत त्याचा कंठरहित पर्यायी पाठ प्रसिद्ध झाला; त्यात ऐकू येतात ते केवळ मुंबईचे वादक.