सलाईन किती, आणि कशावरून?

पानिपतजवळच्या काला अंब येथील स्मारकापाशी दरवर्षी १४ जानेवारीला मराठी माणसे नतमस्तक होतात. १७६१ साली त्या दिवशी रणात उतरलेले सैन्य लढाईपूर्वीच उपासमारीने खंगलेले होते. रसद तुटली की फौजेचे काय होते, हे त्या भूमीने दाखवले. शरीरातले पाणी तुटले की काय होते, हे ५६ वर्षांनी दिसले. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्ध मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत पटकी शिरली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली. पुढच्या वर्षी ती साथ दख्खन व मुंबईत पोहोचली.

पटकीचे विष आतड्यांतून पाणी आणि क्षार बाहेर ओतायला लावते. रोगी मरतो तो या तुटीने. त्या काळचे वैद्यक मात्र अशा रोग्याचे रक्तच काढत असे. साथ इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार घटल्याचे दाखवले. हाच गृहस्थ पुढे भारतात आला आणि त्याने येथे तारायंत्राचे जाळे उभारले.

ओ'शॉनेसीच्या निष्कर्षावर विसंबून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा याने मरणासन्न वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. अर्ध्या तासात चेहऱ्यावर तेज आले, नाडी लागली. तिला दुसऱ्याच्या देखरेखीखाली सोपवून तो गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही, आणि काही तासांत ती वारली. उपाय अचूक होता. तूट पुन्हा किती वाढली हे मोजणारे कोणी नव्हते. पुढे ही पद्धत बरीच वर्षे मागे पडली.

मोजमाप आले ते कलकत्त्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स याने ग्लिसरीन आणि पाण्याची निरनिराळ्या घनतेची मिश्रणे लहान बाटल्यांत भरून ठेवली. रोग्याच्या रक्ताचा थेंब ज्या बाटलीत ना तरंगे ना बुडे, तिच्यावरून रक्त किती दाट झाले हे कळे आणि सलाईनचे प्रमाण ठरे. त्याच्या उपचारपद्धतीने पटकीतले मृत्यू सुमारे ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास आले.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूंचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. शुद्धीवर असलेल्या रोग्याची तहान, आणि जेवढे बाहेर गेले तेवढे परत देणे, हेच तिथले मापन.

या यशाने एक गैरसमजही रुजला: पाणी दिल्याने अपाय होतच नाही. २०११ मध्ये केनिया, युगांडा व टांझानियातील तीन हजारांहून अधिक तापाने अत्यवस्थ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. झपाट्याने मोठ्या प्रमाणात द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांतले मृत्यू सुमारे १०.५ टक्के होते, तर तसे न दिलेल्या गटात ७.३. जुलाबाची मुले यात नव्हती, म्हणून ओआरएसचे महत्त्व अबाधित राहते. पण द्रव हेही मात्रा मोजून द्यावयाचे औषध आहे, हे सिद्ध झाले.

आपल्याकडच्या डेंग्यूच्या वॉर्डात रॉजर्सच्या बाटल्यांचा वारसा रोज दिसतो. रक्तातील लाल पेशींचे घनप्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, वारंवार तपासतात. ते चढले की रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपत असल्याचा संशय घेऊन सलाईन वाढवतात; रोगी सावरू लागला की आवरते घेतात, नाहीतर तेच पाणी फुप्फुसांत साठते. जोडीला लघवीचे मोजमाप, नखाखालचा रंग किती सेकंदांत परततो, आणि सोय असेल तिथे सोनोग्राफीने हृदय व मोठ्या शिरेची पाहणी.

म्हणून ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ असा आग्रह धरू नये. आणि रुग्ण दाखल असेल तर नातेवाइकांनी लघवीची नोंद जपावी, श्वास वाढला किंवा पायांवर सूज आली तर लगेच सांगावे. १८३२ मध्ये त्या वृद्धेपाशी नेमके एवढेच करणारे कोणी नव्हते.