नालंदेचा निरोप

विद्यार्जनासाठी परमुलखात गेलेला माणूस तेथे कसा पोहोचला, कोणत्या संकटांतून पोहोचला, याच्या हकीकती इतिहासाने अगत्याने जपून ठेवल्या आहेत. परंतु शिक्षण संपवून तो तेथून निघाला तेव्हा कोणी त्याला अडविले, कोणी जाऊ दिले आणि त्याच्या हाती काय ठेवले, याविषयी जुनी साधने बहुधा मौन पाळतात. या मौनाला ठळक अपवाद म्हणजे सातव्या शतकातील चिनी भिक्षू ह्युएन त्संग. त्याचा शिष्य ह्वी-ली याने लिहावयास घेतलेल्या आणि पुढे दुसऱ्या एका शिष्याने पुऱ्या केलेल्या चरित्रात गुरूच्या प्रस्थानाचा वृत्तांत इतक्या बारकाईने आला आहे, की त्या काळी निरोप हा केवळ भावनेचा उमाळा नसून एक जबाबदारीचा व्यवहार होता, त्यात देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कर्तव्य ठरलेले होते, हे त्या वृत्तांतावरून स्पष्ट दिसते. त्या व्यवहाराची ओळख मराठी वाचकांस व्हावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

तांग राजवटीच्या काळी चांगआन राजधानीतून पूर्वेकडे प्रवासास निघणाऱ्याला आप्तेष्ट पा नदीच्या पुलापर्यंत पोहोचवीत आणि तेथील विलो वृक्षाची डहाळी मोडून त्याच्या हाती देत, असा प्रघात होता. ह्युएन त्संगच्या वाट्याला मात्र स्वदेशात असा कोणताच निरोप आला नाही. 629 च्या सुमारास तो पश्चिमेकडे निघाला तेव्हा सरहद्द ओलांडण्यास बादशाही मनाई होती. त्याला पकडण्याचा हुकूम त्याच्यापाठोपाठ क्वाचौ या सरहद्दीच्या ठाण्यावर येऊन थडकला, आणि तेथील ली चांग नामक अंमलदार स्वतः श्रद्धावान असल्यामुळे त्याने तो कागद ह्युएन त्संगला दाखवून त्याच्या समोरच फाडून टाकला, म्हणूनच तो पुढे जाऊ शकला. वाळवंट ओलांडून तो काओचांगला, म्हणजे तुर्फानला पोहोचला, तेव्हा तेथील राजाने त्याला कायमचे ठेवून घेण्याचा हट्ट धरला. पाहुण्याने अन्नपाणी वर्ज्य केले, आणि तीन दिवसांनंतर त्याची खालावलेली अवस्था पाहून राजा वरमला. मग त्याने त्याची रवानगी केली ती अशी: वीस वर्षे पुरेल एवढी प्रवासाची तरतूद, तीस घोडे आणि वाटेतील चोवीस राज्यांच्या अधिपतींना लिहिलेली चोवीस पत्रे, प्रत्येक पत्रासोबत रेशमी वस्त्राचा नजराणा. बदल्यात राजाने वचन मागितले: परत येताना काओचांगला तीन वर्षे राहावे. ह्युएन त्संगने ते दिले.

पुढे हिंदुस्थानात पोहोचल्यावर नालंदेच्या महाविहारात तो पाच वर्षे राहिला. महाविहाराचे अधिपती आचार्य शीलभद्र तेव्हा 106 वर्षांचे होते, असे चरित्रकार सांगतो. त्या वयात त्यांनी या परदेशी शिष्यासाठी योगाचारभूमिशास्त्र सांगावयास घेतले आणि पंधरा महिने खपून त्याचा एक पाठ पुरा केला. विहाराने त्याच्या नावे लावून दिलेली रोजची नेमणूक चरित्रकाराने जिन्नसवार टिपली आहे: विड्याची पाने एकशेवीस, सुपाऱ्या वीस, जायफळे वीस, कापूर आणि महाशाली नावाचा सुवासिक, टपोऱ्या दाण्याचा तांदूळ. याखेरीज सेवेला एक उपासक व एक ब्राह्मण, संघाच्या नित्य कामांतून माफी आणि बाहेर जाताना हत्ती. ही यादी वाचताना मला नेहमी वाटते, की पाहुण्याचा विडा आणि कापूरसुद्धा हिशेबात धरणारी ही व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांच्या दृष्टीने विद्यार्थी हा भिक्षेकरी नव्हता. तो विहाराचे भूषण होता.

म्हणूनच त्याने मायदेशी परतण्याचा मनोदय बोलून दाखविला तेव्हा विहारात खळबळ उडाली. ही बुद्धाची जन्मभूमी, येथील पवित्र स्थळांचे दर्शन घेत आयुष्य कृतार्थ करावयाचे सोडून, जेथे कधी बुद्ध जन्मले नाहीत अशा सीमेवरच्या देशात कशासाठी जावे, असा प्रश्न भदंतांनी त्याला केला. त्याने आपल्या देशाची बाजू अभिमानाने मांडलीच, पण त्याच्या उत्तराचा खरा रोख निराळा होता: धर्म पसरावा म्हणूनच तो सांगितला गेला असताना, स्वतः तृप्त होऊन ज्यांना तो अजून लाभला नाही त्यांना विसरावे कसे? वाद मिटेना, तेव्हा प्रकरण शीलभद्रांपुढे गेले. शिष्याने सांगितले, की या भूमीवर आपले प्रेम नाही असे नव्हे. परंतु आचार्यांकडून जे ऐकले ते परत जाऊन भाषांतरित करावे, इतरांनाही ते ऐकावयास मिळावे आणि त्यायोगे गुरूचे ऋण फेडावे, एवढ्यासाठीच जाणे आहे. वृद्ध आचार्य संतुष्ट झाले. माझीही तुझ्याविषयी हीच अपेक्षा होती, अशा आशयाचे बोलून त्यांनी प्रवासाची तयारी करण्यास सांगितले आणि त्याला कोणी अडवू नये असे इतरांना बजावले. ज्याच्यावर शंभरी उलटल्यावर पंधरा महिने वेचले, त्या शिष्याला एका शब्दानेही न गुंतविणे याहून थोर निरोप मला तरी इतिहासात आढळलेला नाही.

पुढे कामरूपाचा कुमारराजा भास्करवर्मा याचे आग्रहाचे, किंबहुना धमकीचे बोलावणे, सम्राट हर्षवर्धनाने कनोजला भरविलेली अठरा दिवसांची वादसभा आणि प्रयागचा पंचाहत्तर दिवसांचा दानोत्सव, यांत काही काळ गेला. अखेर 643 मध्ये प्रयागहून निघण्याची वेळ आली, तेव्हा येथेच राहिल्यास शंभर विहार बांधून देतो असे कुमारराजाने सांगून पाहिले, आणि हर्षाने विचारले, की जावयाचे तर कोणत्या मार्गाने? समुद्रमार्गाने जाणार असाल तर सोबत अधिकारी देतो. ह्युएन त्संगने खुष्कीचा, उत्तरेकडचा बिकट मार्ग पत्करला, आणि कारण सांगितले ते एवढेच, की काओचांगच्या राजाला आपण परतीच्या भेटीचे वचन दिले आहे. राजांनी देऊ केलेली संपत्ती त्याने नाकारली. पावसापासून बचाव करणारा लोकरीचा एक झगा तेवढा कुमारराजाकडून घेतला. ग्रंथ आणि मूर्ती उत्तरेकडील एका राजाच्या लवाजम्याबरोबर निघाल्या, आणि हर्षाने त्या राजाजवळ एक मोठा हत्ती, तीन हजार सुवर्णनाणी व दहा हजार रौप्यनाणी वाटखर्चासाठी दिली. राजे दूरवर पोहोचवावयास आले, निरोप झाला, सर्व माघारी फिरले; आणि तीन दिवसांनी हर्ष, कुमारराजा आणि वलभीचा राजा ध्रुवभट काही शे स्वारांनिशी भरधाव येऊन त्याला पुन्हा गाठते झाले, केवळ आणखी थोडी वाट त्याच्यासंगे चालण्यासाठी. या दुसऱ्या खेपेच्या निरोपातून राजांची माया दिसते, तर हर्षाची कार्यदक्षता दिसते ती पुढच्या बंदोबस्तात: पांढऱ्या सुती वस्त्रावर लिहिलेली, तांबड्या मातीची मुद्रा उठविलेली आज्ञापत्रे देऊन त्याने महत्तर पदाचे चार अधिकारी पुढे धाडले, आणि वाटेतील प्रत्येक राज्याने या पाहुण्याला वाहने व सोबत देऊन चीनच्या सीमेपर्यंत पोहोचते करावे अशी व्यवस्था लावून दिली.

तरीही सिंधू ओलांडताना वादळ उठले. ह्युएन त्संग हत्तीवरून पार झाला. परंतु ग्रंथांची नाव लाटांत हेलकावली, रक्षक पाण्यात पडला, आणि सुमारे पन्नास पोथ्या व हिंदुस्थानातून नेत असलेले फुलांचे बियाणे नदीने गिळले. हर्षाचा हत्तीही पुढे डोंगरात, चोरांच्या भीतीने पळताना, बुडून मेला. आणि ज्या वचनासाठी हा मार्ग पत्करला, तेही पाळता आले नाही: काओचांगचे राज्य तांग फौजांनी 640 मध्येच बुडविले होते आणि तो स्नेहाळ राजा मरण पावला होता. खोतानहून ह्युएन त्संगने विनापरवाना गेल्याबद्दल बादशहाकडे क्षमायाचनेचा अर्ज धाडला. तो घेऊन जाणारा माणूस काओचांगचाच एक रहिवासी होता. 645 च्या आरंभी ह्युएन त्संग 657 ग्रंथांसह चांगआनला पोहोचला.

नालंदेचा निरोप मात्र अद्याप पुरा व्हावयाचा होता. 652 मध्ये महाबोधी विहारातून प्रज्ञादेव आणि शीलभद्रांचा शिष्य ज्ञानप्रभ यांची पत्रे एका भिक्षूच्या हाती चीनला आली; सोबत पांढऱ्या सुती वस्त्राची एक जोडी, आणि जे ग्रंथ हवे असतील त्यांची यादी पाठवा, नकला करून धाडतो, असे आश्वासन. हा प्रज्ञादेव हीनयानी पंडित होता आणि कनोजच्या सभेत ह्युएन त्संगने त्याला वादात निरुत्तर केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वस्त्रजोडीचे मोल कळते. 654 मध्ये ह्युएन त्संगने उत्तरे दिली. प्रज्ञादेवाला त्याने लिहिले, की सभेत सत्यासाठी बोलताना भिडेचा विचार राहिला नाही, आणि त्या वेळच्या कठोर शब्दांबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त केली. ज्ञानप्रभाला लिहिताना त्याने शीलभद्रांच्या निधनाची वार्ता एका परतलेल्या दूताकडून कळल्याचे सांगून आपले दुःख आवरत नसल्याचे कळविले, योगाचारभूमीसह तीसहून अधिक ग्रंथांचे भाषांतर झाल्याचा हिशेब गुरुबंधूपुढे ठेवला, आणि सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून त्यांची मागणी केली. गुरूच्या ऋणाची फेड अशी कलमवार कळविणारा हा शिष्य 664 मध्ये वारला तेव्हा त्याच्या हातून 75 ग्रंथांचे 1335 खंड चिनी भाषेत उतरले होते.

नालंदेनंतरच्या दक्षिणयात्रेत हा प्रवासी महाराष्ट्रातही येऊन गेला. तेथील राजा पुलकेशी याच्या प्रजेबद्दल, हे लोक उपकारकर्त्याशी कृतज्ञ आणि शत्रूशी निष्ठुर असतात, असा त्याने दिलेला अभिप्राय आपण शाळेपासून अभिमानाने सांगत आलो आहोत. तो अभिप्राय देणाऱ्याची स्वतःची कृतज्ञता किती पक्की होती, याचा पुरावा त्या दोन पत्रांत आहे. आपल्या मुलामुलींना परदेशच्या विद्यापीठांत धाडणाऱ्या मराठी घरांनी ती पत्रे अवश्य वाचावीत, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांनी पुलकेशीवरील त्या चार ओळींशेजारी त्यांना एक पान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.