पट आणि पायवाट

आमच्या गावच्या शाळेची हकिकत मला दोघांनी सांगितली. काका सांगतात ती गुरुजींची आणि पटाची. आत्या सांगते ती ओढ्याची. दोघंही थंडीत माझ्याकडे बेंगळुरूला येऊन राहतात. जेवणं आटोपली की बोलणं आपसूक खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीपलीकडच्या गावाकडे वळतं.

काका 1940 च्या दशकातलं सांगतात. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एक गुरुजी, बिगरीपासून चौथीपर्यंतचे सगळे वर्ग. गुरुजी चौथीला हिशेब घालत, तोवर चौथीतलाच एखादा मोठा मुलगा बिगरीच्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेई. शनिवारी मुली सभामंडप शेणानं सारवत. दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला येणार असं कळलं, की गुराख्यांच्या पोरांनाही अंघोळ घालून शाळेत बसवत आणि त्या दिवशी गुरं घरचं म्हातारं माणूस राखी. काका म्हणतात, ‘पट भरला न्हाई तर गुरुजी जातेत, हे सगळ्या गावाला ठाऊक.’ म्हणून पट राखणं हे गावाचं काम होतं.

तेव्हा आमचा भाग मुंबई इलाख्यात होता. 1869 च्या लोकल फंड कायद्यानं शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा कर वसूल होई आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणाकडे जाई. 1923 च्या कायद्यानं प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या. 1947 च्या कायद्यानंतर कारभार जिल्हा स्कूल बोर्डानं सांभाळला. लोकांच्या तोंडी मात्र ‘बोर्डाची शाळा’च राहिली. बोर्ड बेळगावात, म्हणजे बैलगाडीच्या दिवसांतही गाठता येण्याजोगं. गुरुजींची बदली झाली, तर गावची चार माणसं बेळगावला जाऊन सांगून येत.

लहान शाळा परवडत नाहीत, हे म्हणणं आजचं नाही. हार्टोग समितीनं 1929 मध्येच लिहिलं, की मुलं मध्येच गळतात, पैसा वाया जातो; तेव्हा शाळा वाढवत सुटण्यापेक्षा आहेत त्या भक्कम करा. सगळे वर्ग एकट्यानं ओढणारे गुरुजी पाहिले, तर त्यात तथ्य नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्याच मुलखातल्या जे. पी. नाईकांनी दुसरी बाजू पाहिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या या माणसानं धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत राहून ग्रामसुधारणेचं काम केलं होतं. पुढे ते कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. 1964 ते 66 या काळातल्या त्या आयोगानं शाळा-संकुलाची कल्पना मांडली: जवळपासच्या शाळांनी एकमेकींना शिक्षक, साहित्य, अनुभव यांचा आधार द्यावा. शाळा एकत्र आणण्याचा हाही एक मार्ग होता, आणि त्यासाठी कुठल्याही दाराला कुलूप लावावं लागत नव्हतं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. एकाच बोर्डाच्या शाळा दोन राज्यांत वाटल्या गेल्या. 1 मे 1962 पासून चंदगडच्या शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. आमच्याकडे म्हैसूरची रीत आली. म्हैसूर संस्थानानं 1941 च्या कायद्यानंच प्राथमिक शिक्षण थेट सरकारच्या हाती घेतलं होतं. गुरुजींचा पगार वेळेवर होऊ लागला, गावात शाळेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. काका हे आवर्जून सांगतात. पण गाऱ्हाणं घेऊन बेळगावला जाणारी चार माणसं बेंगळुरूला कशी जाणार? पाचशे किलोमीटर दूर!

आत्याची गोष्ट इथूनच सुरू होते. ती चौथी पास झाली तेव्हा पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात होता. मुलगे आषाढातही खांद्यावर दप्तर आणि डोक्यावर खोळ घेऊन जात. ओढ्याला पाणी चढलं, की पलीकडे कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढत. मुलीला असं राहू कोण देणार? दिवाळीनंतर पाणी उतरलं, पण तोवर तिचं नाव पटावरून कमी झालं होतं. ‘माझी शाळा मास्तरानं न्हाई, बापानं न्हाई, ओढ्यानं सोडवली,’ असं ती म्हणते. गणितात ती काकांच्या पुढे होती, हे काका स्वतः सांगतात.

आज त्या शाळेचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. तरणी माणसं गोव्यात, पुण्यात आणि माझ्यासारखी बेंगळुरात. सरकारनं 2018-19 पासून पहिली ते बारावी एकाच आवारात आणणाऱ्या कर्नाटक पब्लिक स्कूल सुरू केल्या आहेत. लहान शाळा अशा मोठ्या शाळांत सामावून घेण्याची चर्चा वाढते आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रानंही 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे दाखले दिले.

मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, खेळायला पुरेशी मुलं असतात, विषयाला शिक्षक असतो. हे आमच्या गावच्या मुलांनाही मिळायला हवं. पण गेल्या दीडशे वर्षांत शाळेची किल्ली देवळाच्या पुजाऱ्याकडून बेळगावात आणि तिथून बेंगळुरात गेली, तशी पायवाट कुणी पाहिनासं झालं. नृपतुंग रस्त्यावरच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत पटाचा आकडा लगेच पोचतो; ओढ्याचं पाणी पोचत नाही. शिक्षणहक्काच्या नियमांनी कर्नाटकात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी म्हटलं आहे, पण जांबोटीच्या पावसात किलोमीटर नकाशावर मोजून भागत नाही.

शाळा हलवायचीच असेल, तर आधी ओढ्यावर साकव बांधावा, गाडी सुरू करावी आणि ती एक अख्खा पावसाळा चालवून दाखवावी. आईबापांच्या शाळा समितीला (एसडीएमसीला) नुसती सूचना न पाठवता त्यांचा होकार घ्यावा. पहिल्या वर्षी पलीकडे किती मुली पोचल्या, ते मोजावं. एकही गळली, तर गावच्या शाळेचं दार पुन्हा उघडावं. साठ वर्षांपूर्वी पटावरून नाव गेलेल्या एका हुशार मुलीच्या घरातला मी माणूस आहे. याहून कमी काही मागणं मला जमणार नाही.