गावात सगळ्यांना माहीत असतं : तेंडुलकरांच्या पटकथा आणि आपण

हल्ली ‘डार्क थ्रिलर’ हा शब्द फार ऐकू येतो. काळोखा पडदा, पावसात सापडलेलं प्रेत, वैतागलेला इन्स्पेक्टर आणि आठव्या भागात कळतं खुनी कोण ते. बघायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण मंडळी, आपल्याकडे एक माणूस असे सिनेमे लिहून गेला, ज्यात ‘खून कोणी केला’ हा प्रश्नच नसतो. कोणी केला ते गावात सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न एवढाच की बोलणार कोण?

विजय तेंडुलकर. नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ आणि त्यावरून झालेले राडे सगळ्यांच्या लक्षात आहेत. पटकथाकार तेंडुलकर मात्र त्या मानाने मागे पडले. खरं तर १९७५ ते १९८३ या आठ-नऊ वर्षांत त्यांनी जे लिहिलं, त्याच्या तोडीचं काम भारतीय सिनेमात फार थोड्यांचं आहे.

मूळ पिंड पत्रकाराचा. त्यात १९७३ ते ७५ या काळात नेहरू फेलोशिप मिळाली. विषय काय घेतला? समाजात वाढत चाललेली हिंसा. म्हणजे ज्या वयात लेखक सत्कार घेत बसतात, त्या वयात हा माणूस हिंसेचा अभ्यास करत होता. पुढच्या पटकथा वाचताना-बघताना हे सतत जाणवतं.

पहिला ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल. १९७५ साली हा मराठी सिनेमा थेट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट (निळू फुले) आणि कुठून तरी गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर (डॉ. श्रीराम लागू). मास्तरच्या हातात ना पद, ना पैसा. तो फक्त एक प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? गावात उत्तर माहीत नाही असं कोणी नाही. पण प्रश्न मोठ्याने विचारला गेला आणि पाटलाच्या वाड्याचा पाया हलला. निफाड, दिंडोरीपासून कोल्हापूरपर्यंत, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच सुमारास श्याम बेनेगलांचा ‘निशांत’. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरच्या बायकोला उचलून नेतात. गाव बघतं आणि गप्प राहतं. मास्तर दारोदार फिरतो, कुठेच दाद लागत नाही. शेवटी गाव उठतं, पण त्या आगीत जिच्यासाठी उठलं तीही वाचत नाही. वर्षानुवर्षांचं मौन फुटतं तेव्हा ते माणूस बघून फुटत नाही, हे तेंडुलकरांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

१९७९ चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. मंत्रालयातलं सगळं राजकारण आतून पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. सगळं माहीत असून काही करता न येणं, हे त्याचं दुखणं. पुढे १९८१ चा अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडावर बेतलेला. अंधश्रद्धेपोटी बायका-मुलींचे बळी गेले ते प्रकरण.

आता ‘आक्रोश’ (१९८०, गोविंद निहलानी). लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. वकील त्याच्या बाजूने लढायला तयार, पण लहान्या तोंडच उघडत नाही. बोलून काय होणार हे त्याला वकिलापेक्षा चांगलं कळतं. ज्यांनी अत्याचार केले तेच गावचे प्रतिष्ठित. ओम पुरी जवळजवळ संपूर्ण सिनेमा न बोलता उभा आहे. पेठ, सुरगाण्याचा माणूस जिल्हा कोर्टाच्या आवारात कागद हातात धरून उभा असलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या गप्प राहण्याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. तो अडाणीपणा नसतो, हिशोब असतो.

आणि १९८३ चा ‘अर्धसत्य’. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून. अनंत वेलणकर हा सब-इन्स्पेक्टर. त्याला शिकायचं होतं, हवालदार बापाने पोलिसात ढकललं. रामा शेट्टी गुन्हेगार आहे हे त्याला माहीत, वरिष्ठांना माहीत, अख्ख्या वस्तीला माहीत. पण अटक करायला जावं तर एक फोन येतो आणि हात रिकामे. हा कोंडलेला राग मग भलत्यावरच निघतो. लॉकअपमधला एक साधा आरोपी वेलणकरच्या मारहाणीत मरतो. तेंडुलकरांनी हिरोला सूट दिली नाही. अन्यायाने पिचलेला माणूसही अन्यायच करतो, हे स्वच्छ दाखवलं.

नाशिककरांना हे जास्त जवळचं वाटायला हवं. राज्यातले फौजदार घडतात ते आपल्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत. दीक्षांत संचलनाला आई-बाप येतात, पोराच्या खांद्यावरचे तारे बघून डोळे पुसतात. त्या पोराला कायद्याची कलमं शिकवली जातात, परेड शिकवली जाते. वरून पहिला फोन येईल तेव्हा काय करायचं, ही परीक्षा मात्र त्याला पोस्टिंगच्या ठिकाणी एकट्यालाच द्यावी लागते. आणि तेव्हा आपण, म्हणजे ज्यांना सगळं माहीत असतं ते, कुठे असतो?

‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ला फिल्मफेअर, १९८४ साली पद्मभूषण. मान मिळाला. १९ मे २००८ ला पुण्यात तेंडुलकर गेले. टीकाही आयुष्यभर झाली, माणसातलं वाईटच का दाखवता म्हणून. पण नीट बघा, या पटकथांत वाईट माणसं मोजकीच आहेत. बाकी पडदा भरलाय तो गप्प राहणाऱ्यांनी. रहस्यकथेत खुनी सापडला की प्रेक्षक सुटतो. इथे आपण सुटत नाही, कारण त्या गर्दीत आपणही उभे असतो.

या रविवारी आठ भागांची सिरीज बाजूला ठेवून घरच्यांसोबत ‘सामना’ किंवा ‘आक्रोश’ लावा. पोरांनाही बसवा. आणि पुढच्या ग्रामसभेत, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जो प्रश्न सगळ्यांना माहीत आहे पण कोणी काढत नाही, तो एकदा काढून बघा. मास्तरकडे तरी दुसरं काय होतं?