सरफोजीराजांचे नेत्रदप्तर

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरांवर तिरुवैयारु हे क्षेत्र आहे. तमिळ भाषेत 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या. 'तिरु' हे आपल्या 'श्री'सारखे आदराचे उपपद. तंजावरहून त्या गावाकडे निघालेला प्रवासी वडवारु, वेण्णारु, वेट्टारु आणि कुडमुरुट्टी ओलांडून शेवटी कावेरीच्या पुलावर येतो, तेव्हा नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. येथे पंचनदीश्वराचे प्राचीन देवालय आहे, त्यागराजांची समाधी आहे, आणि नदीकाठी मराठे राजांच्या वास्तूही आहेत. व्यंकोजीराजे भोसले १६७५च्या सुमारास तंजावरात आले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ या प्रदेशाचे स्वामी मराठी बोलत होते.

गाव हिरवेगार आहे, परंतु डोळ्यांना सुखाचे आहे असे मात्र नव्हे. उन्हाळ्यात पाणी आटले की कावेरीचे पात्र पांढऱ्या वाळूचे मैदान होते आणि दुपारच्या उन्हात त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. पुढे आषाढाच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटतो. त्या वाऱ्याने पाटासुद्धा उडून जातो, अशी तमिळ माणसे थट्टेने म्हणतात. पाणी भरले की त्यावरून परतणारा सूर्यप्रकाश खालून डोळ्यांत शिरतो. नावाडी, कोळी, भातशेतीत दिवसभर वाकून काम करणारा शेतमजूर आणि रामेश्वरास पायी निघालेला यात्रेकरू, या सर्वांना ऊन, वारा आणि धूळ या तिघांशी उघड्या डोळ्यांनी सामना द्यावा लागे. अशा प्रदेशावर नाममात्र का होईना राज्य करणाऱ्या एका मराठी राजाने नेत्रवैद्यकात मन घालावे, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. गादी मात्र अमरसिंहांकडे गेली. बाल सरफोजींचा सांभाळ आणि शिक्षण यांचा भार श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिला. १७९३ साली त्यांना तंजावर सोडून मद्रासेस जावे लागले. १७९८ साली ते गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. उरला तो किल्ला, राजवाडा, वसुलाचा ठरीव हिस्सा आणि मोकळा वेळ. असा वेळ हाती आलेल्या संस्थानिकांनी त्याचे काय केले, हे आपल्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे. सरफोजींनी ग्रंथ जमवले. सरस्वती महाल या ग्रंथालयाला त्यांनी जे रूप दिले, त्यापुढे त्यांची इतर सर्व कामे काही काळ झाकली गेली.

त्या झाकलेल्या कामांपैकी एक म्हणजे धन्वंतरी महाल. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य त्यांनी तेथे एकत्र आणले. औषधे तयार होत, रोग्यांवर त्यांचा अनुभव घेतला जाई आणि जे गुणकारी ठरे ते लिहून ठेवले जाई. या योगांचे पुढे तमिळ पद्यात संकलन झाले. सरस्वती महालाने प्रसिद्ध केलेल्या 'सरभेंद्र वैद्य मुऱैगळ' या ग्रंथमालेत नेत्ररोगांचा भागही आहे. 'सरभेंद्र' म्हणजे सरफोजीच. मराठी राजाच्या नावावर तमिळ वैद्यकाचा ग्रंथ असणे महाराष्ट्रातल्या वाचकाला नवलाचे वाटते, तंजावरात ते कोणाला वाटत नाही.

या संग्रहालयात रोग्यांचे कागद आहेत, याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष मात्र फार उशिरा गेले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांना २००३ साली भोसले घराण्यातील एका वंशजाकडून त्यांची माहिती मिळाली. एकूण ४४ रोग्यांच्या नोंदी निघाल्या. इंग्रजीत लिहिलेल्या, रोग्याची हकिकत सांगणाऱ्या, कोणता उपाय केला आणि त्याचे काय झाले हे नमूद करणाऱ्या. सोबत डोळ्यांची चित्रे. आजच्या रुग्णालयात प्रत्येक रोग्याची जी फाईल असते, तिचेच हे पूर्वरूप म्हणावे लागेल. सरफोजीराजे शस्त्रांची पेटी नेहमी बरोबर बाळगीत आणि मोतीबिंदू स्वतः काढीत, असे सांगितले जाते. या नोंदी त्यांनीच केलेल्या शस्त्रक्रियांच्या आहेत, असे मानतात.

येथे थोडे थांबले पाहिजे. राजाने स्वतः सुई धरली काय, की त्याच्या पदरच्या वैद्यांनी व शल्यचिकित्सकांनी धरली आणि राजा शेजारी उभा राहून पाहत होता? स्तुतिपर लेखांतून पहिला पर्याय निःशंकपणे मांडला जातो. मला त्याची एवढी निकड वाटत नाही. राजाने सुई धरली असेल तर तो कौतुकाचा विषय खरा. परंतु त्याहून दुर्मिळ गोष्ट आहे ती लेखनाची. आपल्या वैद्यांच्या घराण्यांतून औषधे लिहून ठेवीत, पण रोगी लिहून ठेवीत नसत. योग गुप्त ठेवायचा आणि बरा झालेला रोगी तेवढा सांगायचा, ही परंपरा. प्रत्येक माणसाचा डोळा निराळा मानून त्याची हकिकत कागदावर उतरवायची, त्याचे चित्र काढवून घ्यायचे आणि परिणामही नोंदवायचा, हे त्या काळच्या तंजावरात घडले. ते राजाच्या आज्ञेवाचून घडणे शक्य नव्हते.

ही दृष्टी त्यांना एकट्या युरोपकडून मिळाली असे मात्र म्हणता येत नाही. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत आणि त्यांची कारणे वाचताना आपण एखाद्या उन्हाळी प्रवासाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटते. उन्हाने तापलेल्या माणसाने एकदम पाण्यात शिरणे, दूरवर टक लावून पाहणे, झोपेची वेळ उलटी करणे, धूळ आणि धूर सोसणे, ही सारी त्या यादीत आहेत. त्याच ग्रंथात 'शुष्काक्षिपाक' या नावाने डोळा कोरडा पडण्याचा विकार वेगळा काढला आहे. वाग्भटाने तर निरोगी माणसाच्या दिनचर्येतच नित्य अंजन, तळपायांस तेल चोळणे, आणि बाहेर पडताना छत्री व पादत्राण यांना स्थान दिले. तळपायाच्या तेलाने दृष्टी निवते, हे आपल्या आजीबाईंचे मत एवढे जुने आहे. तमिळ घरांतून अजूनही पुरुषांनी बुधवारी व शनिवारी आणि स्त्रियांनी मंगळवारी व शुक्रवारी तिळेलाने अभ्यंग करण्याची चाल आहे, आणि त्यामागचे एक कारण 'डोळे थंड राहतात' हेच सांगतात.

या सर्व रोगांत ऊन-वाऱ्याशी ज्याचा संबंध सर्वांत स्पष्ट, तो 'अर्म'. डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा पातळ पडदा बुबुळाकडे सरकत येतो. कोळी, नावाडी, शेतकरी यांच्यात तो अधिक दिसतो. सुश्रुताने त्याचे पाच प्रकार सांगितले आणि शस्त्रक्रियाही सांगितली. आकड्याने पडदा उचलायचा, दोऱ्याने धरायचा आणि धारदार शस्त्राने सोडवून कापायचा. कापताना नाकाकडील कोपऱ्याला धक्का लागला तर रक्तस्राव होतो व नाडीव्रण होतो, आणि कमी कापले तर पडदा पुन्हा वाढतो, असा इशाराही त्याने दिला आहे. आजच्या नेत्रवैद्याला हाच पुन्हा वाढण्याचा त्रास सतावतो. म्हणून तो कापलेल्या जागी त्याच डोळ्याच्या आवरणाचा तुकडा लावतो. मोतीबिंदूच्या बाबतीतही तसेच. सुईने मोती खाली ढकलावा, ते फार उष्ण वा फार थंड नसलेल्या ऋतूत करावे, नंतर तुपात भिजवलेल्या वस्त्राने डोळा बांधून रोग्याला वारा नसलेल्या खोलीत निजवावे, त्याने शिंकू नये, खोकू नये, थुंकू नये, हे सारे सुश्रुताने लिहिले. पॅरिसमध्ये दाव्हिएलने मोती ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याची रीत अठराव्या शतकाच्या मध्यास पुढे आणली. सरफोजींच्या काळी जगात या दोन्ही रीती चालू होत्या आणि तंजावर त्या दोहोंच्या सांध्यावर उभे होते.

त्या काळी नेत्ररोग हा साऱ्या जगाच्या चिंतेचा विषय झाला होता, आणि त्याचे कारण समुद्रावरून आले होते. सरफोजी गादीवर बसले त्याच १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. तेथे त्याच्या सैन्याचे डोळे आले. मागून इंग्रज गेले, त्यांचेही आले. १८०१ साली मुंबईहून जहाजांनी तांबड्या समुद्रातून एक फौज तिकडे गेली. तीत मुंबई इलाख्यातील देशी शिपाईही होते. कोसैर बंदरी उतरून त्यांनी वाळवंट तुडवले आणि नाईल गाठली. या फौजेचा वैद्यकीय प्रमुख मॅकग्रिगर याने मोहिमेची हकिकत १८०४ साली पुस्तकरूपाने छापली. या नेत्रदाहाचा दोष प्रथम कडक उन्हाला, वाळूला आणि रात्रीच्या दवाला देण्यात आला. पण सैन्य विलायतेस परतल्यावर वाळूचा कण नसलेल्या बराकींतही तो पसरू लागला. तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, ही गोष्ट वैद्यांना मान्य करावी लागली. त्याच धामधुमीत १८०५ साली लंडनमध्ये पुढे मूरफील्ड्स म्हणून प्रसिद्ध झालेले नेत्ररुग्णालय निघाले आणि १८१९ साली मद्रासेत दुसरे. या रोगास आज 'ट्रॅकोमा' म्हणतात. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारताने तो संपवला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले.

नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ सरफोजींनी समुद्रकाठी 'मनोरा' नावाची आठ मजली वास्तू उभारली. ती आजही उभी आहे. कंपनीची मर्जी राखण्यासाठी बांधलेली ही इमारत पाहून मला फारसे समाधान होत नाही. मला त्याहून मोलाचे वाटते ते राजांचे १८०१ सालचे एक पत्र. रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांना हात लागू नये म्हणून त्यांनी ते इंग्रज रेसिडेंट टोरिन यास लिहिले. छत्रांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळते, आजारी पडलेल्यास वैद्य व औषध मिळते, हे त्यांनी त्यात तपशिलाने मांडले. राज्य गेलेल्या राजाने परक्या सत्तेकडे मागितले ते हे.

धूळ आणि रोगजंतू यांचा हिशेब असा वेगळा झाला, तरी उन्हावरील आरोप सुटला नाही. त्याच १८०१ साली जर्मनीत रिटरने डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्यापलीकडचे किरण शोधून काढले. अर्म वाढण्यात आणि मोतीबिंदू लवकर येण्यात त्यांचा हात आहे, हे पुढे कळले. कोरडी वाळू या किरणांचा सुमारे सातवा हिस्सा परत फेकते, समुद्राचा फेस चौथा. म्हणूनच नावेत डोक्यावर सावली असूनही डोळे सुटत नाहीत. रुंद काठाची टोपी, हे किरण अडवणारा आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा, आणि वाऱ्याने डोळे सुकू लागले की वैद्याने दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, एवढे आज पुरते. उत्तर ध्रुवाकडील एस्किमो लोकांनी हाडाला बारीक फट पाडून याच कामासाठी चष्मे केले होते. आपल्या नावाड्याकडे डोक्याचा पंचा आणि ताडपत्राची टोपी होती. दोन्ही उपयोगी, पण पाण्यावरून वर येणारा प्रकाश टोपीने अडत नाही.

काही जुने उपाय मात्र सोडून दिलेले बरे. तगरीच्या फुलाला तमिळ लोक नंदियावट्टै म्हणतात. तिचा रस डोळ्यांत पिळण्याची चाल तिकडे आहे. सुरम्यात पुष्कळदा शिशाचा अंश असतो. शेतात भाताचे पाते किंवा कुसळ डोळ्याला लागून बुबुळावर बुरशीचा व्रण होणे हे दक्षिणेत दृष्टी जाण्याचे एक मोठे कारण आहे. अशा डोळ्यात पाला-फुलाचा रस घालणे म्हणजे त्याच बुरशीला नवे निमंत्रण. धन्वंतरी महालात ही गोष्ट पुढे आली असती तर ती नोंदली गेली असती, असे मला वाटते, कारण तेथे परिणाम लिहीत होते.

सरफोजीराजे १८३२ साली वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली वारल्यावर कंपनीने संस्थान खालसा केले. सरस्वती महाल टिकला. रोग्यांचे ते ४४ कागद इंग्रजीत होते म्हणून आधुनिक वैद्यांना ते हाती येताच वाचता आले. राजवाड्याचे उरलेले दप्तर मोडी लिपीत आहे, शेकडो रुमालांत बांधलेले. त्यात वैद्यांचे पगार, औषधांची खरेदी, छत्रांचे खर्च यांचे किती कागद आहेत, हे ते रुमाल सोडून वाचल्यावाचून कळणार नाही. तंजावरात मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत, आणि महाराष्ट्रात जी आहेत ती तंजावरास क्वचित जातात.