सेतूची वाट

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या भातखाचरांत पापनाशम हे गाव आहे. तेथे एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आहे. रामेश्वराहून परततानाही खर-दूषणांच्या वधाचे पातक पाठ सोडीना, म्हणून रामचंद्रांनी ही लिंगे स्थापिली, अशी आख्यायिका आहे. रामेश्वराची यात्रा या मुलखाच्या अंगवळणी पडलेली. तंजावरच्या भोसल्यांनी या वाटेवर छत्रे बांधली. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र हे त्यांतलेच. पायी जाणाऱ्याला तेथे अन्न आणि आसरा मिळे.

१९१४ साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून निघालेली 'बोट मेल' कुंभकोणम, पापनाशम, तंजावर मागे टाकीत समुद्र ओलांडून थेट धनुष्कोडीला जाऊ लागली. तेथून आगबोटीने तलैमन्नार, म्हणजे सिंहलद्वीप. जेथे पूर्वी यात्रेकरू दिवस मोजी, तेथे तो आता तास मोजू लागला.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या जवळ आली असता समुद्राने गिळली. शंभरांहून अधिक प्रवासी दगावले. पांबनचा पूल श्रीधरन यांच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत दुरुस्त झाला. रामेश्वरापुढचा लोहमार्ग मात्र पुन्हा घातला गेला नाही. निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्याची किंमत तेथेच राहिलेल्या कोळ्यांनी मोजली.

मग त्या ओसाड पट्टीवर जीपगाड्या आणि व्हॅन धावू लागल्या. कोरड्या वाळूत चाक रुतते, ओल्या वाळूवर ते तरते. म्हणून चालक पाण्याची कड धरून जात, आणि मध्ये खाजण आडवे आले की वेग न तोडता ते पार करीत. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी तेथे चैनीची वस्तू नव्हती. चूक झाली, की सगळे प्रवासी खाली उतरून गाडी ढकलीत! वाटेतले पाणी आता चालकाने नजरेनेच जोखायचे होते. खारे पाणी गाड्यांचे लोखंड खाई, ते वेगळेच.

२०१७ साली अरिचलमुनैपर्यंत पक्का रस्ता खुला झाला आणि हा व्यवसाय आटोपला. रस्त्यालगत जुन्या स्थानकाच्या मोडक्या भिंती उभ्या आहेत. रूळ रामेश्वरलाच संपतात.