अब्बांची गोळी आणि पोटातले बाळ

वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अब्बांना फिनास्टराइड सुरू झाली. त्यांना गोळी गिळवत नाही, म्हणून माहेरी आलेली माझी बहीण ती कुटून द्यायची. तिला तिसरा महिना लागला होता. एके दिवशी मी सोबतची चिठ्ठी वाचली: गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळू नये. म्हाताऱ्याच्या औषधाचा पोटातल्या बाळाशी काय संबंध? त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९४७ साली फ्रान्समधल्या आल्फ्रेड जोस्त यांनी सशांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गर्भाशयातल्याच नर पिल्लांची वृषणे त्यांनी लवकर काढली, तेव्हा त्यांचे शरीर मादीच्या वळणाने घडले. म्हणजे नर घडायला वृषणांकडून निरोप यावा लागतो. माणसाच्या गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास मूत्राशयाखालच्या भागातून प्रोस्टेटचे कोंब फुटतात.

पण निरोप थेट चालत नाही. १९७४ मध्ये ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावातली माणसे अभ्यासली. जन्मतः त्यांना मुली समजले गेले होते, पण वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे झाले. टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते. त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, करणारे एन्झाइम मात्र कमी पडत होते. त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली होती. हेच एन्झाइम अडवणारे औषध म्हणजे फिनास्टराइड. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मुलगा पोटात असताना तेच एन्झाइम अडले तर? चिठ्ठीतला इशारा त्यासाठी होता.

पुढचा शोध मला सर्वात आवडतो. १९७० च्या दशकात जेराल्ड कुन्हा यांनी उंदरांच्या गर्भातल्या ऊती वेगळ्या करून पुन्हा जोडल्या. ग्रंथी आतल्या अस्तरातून बनते, म्हणून हार्मोनही अस्तरच ऐकत असेल असे आपल्याला वाटेल. तसे नव्हते. ज्या अस्तराला हार्मोन ओळखताच येत नव्हते, त्याच्याभोवती निरोगी आधार-ऊती ठेवली, तरी प्रोस्टेटचे कोंब फुटले. हार्मोन ऐकतो शेजारी, आणि तो अस्तराला वाढायला सांगतो. हे सांगण्याचे काम वाढीचे घटक करतात. २००३ मध्ये दिसले की एफजीएफ-१० नावाचा घटक नसलेल्या उंदरांत प्रोस्टेटची वाढ जवळजवळ होतच नाही.

१९७८ साली जॉन मॅकनील यांनी मांडले, की उतारवयात प्रोस्टेट वाढते तेव्हा गर्भातलीच जुनी संभाषणे पुन्हा जागी होत असावीत. म्हणून अब्बांची गोळी आणि भाच्याचे घडणे एकाच संभाषणात येतात.

आम्ही डॉक्टरांना विचारले, बहिणीची तपासणी झाली, पुढे सर्व सुखरूप झाले. त्या दिवसापासून गोळी मी कुटतो आणि खलबत्ता मीच धुतो. शाळेत मुलांना मात्र एवढेच सांगतो: औषधाची चिठ्ठी फेकण्याआधी वाचा. तिच्यातल्या एका ओळीमागे कोणाचा तरी जन्मभराचा अभ्यास असतो.